फुली तिथं सही

खेड्यात कर्ज मागताना माणसाची जीभ जड होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याहून जड होते ती आपलेच पैसे परत मागताना. आमच्या आईच्या पिढीतल्या बाया उसनी दिलेली पायलीभर बाजरी परत मागायला तीन फेऱ्या घालायच्या. पहिल्या फेरीत पावसाचं बोलणं. दुसऱ्या फेरीत लेकीच्या बाळंतपणाचं. तिसऱ्या फेरीला निघता निघता उंबऱ्यावर थांबून हळूच, "तेवढं बाजरीचं बगा बरं का." मागणारी ओशाळलेली आणि देणं लागणारी निवांत!

शेजाऱ्यापाजाऱ्यांत हे शोभून दिसतं. आज तिला नड, उद्या मला. पण समोर शेजारीण नसून बँक असेल, आणि आपले पैसे आपल्याला न सांगता गेले असतील तर? तेव्हाही ओशाळायचं का? ज्यानं अडल्या वेळेला कर्ज दिलं, त्याच्याविरुद्ध तक्रार करणं हा कृतघ्नपणा होतो का? आणि कागदावर सही आपलीच असेल, तर मागायचा हक्क तरी उरतो का? हे प्रश्न मला पुस्तकात भेटले नाहीत. आमच्या गावात, आमच्याच भावकीत भेटले.

आमचं गाव बारामती तालुक्याच्या जिराईत पट्ट्यातलं. बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कालवा, ऊस आणि साखर कारखाना येतो. आमच्याकडं यातलं काही नाही. पाऊस झाला तर बाजरी आणि ज्वारी, नाही झाला तर पाण्याचा टँकर. मी हायस्कुलात शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावातच राहिलो. नोकरी संपली, पण मास्तरकी संपली नाही. कुणाला नोटीस आली, कुणाचं सात-बाऱ्यात नाव चुकलं, बँकेचं पत्र आलं, की माणूस कागद घेऊन आमच्या ओट्यावर येतो. तंबाखू मळत बसतो आणि म्हणतो, "मास्तर, ह्यात काय लिवलंय, तेवढं सांगा."

असेच एकदा आमचे थोरले चुलतभाऊ आले. त्यांना सगळं गाव दादा म्हणतं. नातवाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती आणि विहिरीतला गाळ काढायचा होता. दादांच्या चार गाई. डेअरीचे पैसे दर दहा दिवसांनी खात्यात जमा होतात. ते बघून तालुक्याच्या एका बँकेनं त्यांना 2 लाखांचं वैयक्तिक कर्ज दिलं होतं. व्याज 14 टक्के, मुदत 5 वर्षं. कर्ज घेऊन वर्ष उलटून गेलं होतं. दादा खात्याचा उतारा पुढं करून म्हणाले, "मास्तर, दोन लाखाचं कर्ज म्हंत्यात आन् हातात तर तेवढं पडलं न्हाई. ह्ये अकरा हजार चारशे कुटं गेलं?"

बघितलं तर कर्ज जमा झालं त्याच दिवशी 11,400 रुपये वजा झाले होते. पुढं इंग्रजीत तुटक अक्षरं. प्रक्रिया शुल्काची ओळ वेगळी होती, ते दादांना सांगितलेलं होतं. ही दुसरीच ओळ. शाखेत जाऊन विचारलं तेव्हा कळलं, तो विम्याचा हप्ता. कर्जाला संरक्षण देणारी पॉलिसी. पॉलिसीचा कागद दादांना कधी मिळालाच नव्हता, तो त्या दिवशी मागून घेतला. घरी येऊन मी चष्मा पुसून वाचायला बसलो. अपघात झाला तर अमुक, मोठा आजार झाला तर तमुक. आणि तिसरं कलम होतं, नोकरी गेली तर कर्जाचे तीन हप्ते कंपनी भरणार.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दादा क्षणभर माझ्याकडं बघत राहिले आणि मग इतके हसले, की गोठ्यातल्या गाईनं मान वळवली. म्हणाले, "शेतकऱ्याला कामावनं काढणार कोण? पाऊस?"

हसणं ओसरल्यावर मी वहीत हिशेब मांडला. ते 11,400 रुपये दादांच्या खिशातून गेले नव्हते, कर्जातून गेले होते. म्हणजे विम्याचा हप्ताही कर्जानंच घेतलेला. त्यावर 5 वर्षं 14 टक्क्यांनी व्याज. दर महिन्याच्या कर्जाच्या हप्त्यात सुमारे 265 रुपये या विम्याचे होते. 60 महिन्यांत ते 15,900 च्या वर जातात. जी वस्तू मागितली नाही, जी बघितली नाही, जिचा तिसरा भाग उपयोगालाच येणार नाही, तिच्यासाठी साडेचार हजार रुपये नुसतं व्याज.

यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. कर्जाचा हप्ता आणि विम्याचा हप्ता, दोन्हींना आपण हप्ताच म्हणतो. काउंटरवरचा माणूस "हप्ता कापला जाईल" म्हणाला, की ऐकणाऱ्याला वाटतं कर्जाचाच. सांगणाराही खोटं बोलला असं होत नाही आणि ऐकणाऱ्यालाही खरं कळत नाही.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा मॅनेजरसाहेब सभ्यपणे बोलले. चहा मागवला. मग फाइल उघडून दादांपुढं सरकवली. "काका, ही सही तुमचीच ना?"

सही दादांचीच होती. वीस-बावीस पानं, सगळी इंग्रजी, आणि चौदा ठिकाणी सह्या. प्रत्येक सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली. ज्यांनी बँकेतून कर्ज काढलंय त्यांना ही फुली माहीत असेल. अधिकारी पानं उलटत जातो आणि बोट ठेवून म्हणतो, "इथं. इथं. आणि इथं." फुली तिथं सही. माणूस वाचत नाही, तो बोटाच्या मागं जातो. दादा साहेबांना म्हणाले, "सही माझीच हाय साहेब. पर फुली कुणाची हाय?"

मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला मुद्द्याचा प्रश्न एवढाच होता आणि तो दादांनी तिथल्या तिथं विचारला.

शिकलेली माणसं म्हणतात, वाचल्याशिवाय सही करू नये. मीही चाळीस वर्षं पोरांना हेच सांगितलं. ते बरोबरच आहे. पण विचार करा. डॉक्टर सुई टोचतो तेव्हा बाटलीवरचं लेबल आपण वाचतो का? एसटीत बसल्यावर ड्रायव्हरचा परवाना मागतो का? रोजचं जगणं भरवशावर चाललेलं असतं. भरवसा टाकणं हा गुन्हा असेल तर गावात रोज सगळेच गुन्हेगार ठरतील. सहीचं ओझं एकट्या सही करणाऱ्यावर कसं टाकता येईल? ज्याला कागद कळतो आणि ज्यानं फुली मारली, त्याच्यावर जास्त ओझं असायला हवं. जाणत्यानं सांगायचं असतं. त्यानं सांगितलं नाही, तर खालची सही ही संमती नाही. ती नुसती शाई.

हे काही माझंच डोकं नाही. आमच्या भागाला कागदाचं हे भांडण जुनं आहे. आमच्याच तालुक्यातलं सुपे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. 12 मे 1875 रोजी तिथल्या बाजारात कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांची दुकानं फोडली. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. खतं, रोखे, चोपड्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. दंगे मोडले गेले, माणसं पकडली गेली. पण सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. त्या कायद्यानं न्यायाधीशाला मोकळीक दिली, की रोख्यावर काय लिहिलंय तेवढ्यावर थांबू नका. रोख्याच्या पाठीमागं जा. मुळात किती रक्कम हातात पडली, व्याज किती चढवलं, ते उकरून बघा. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोरच व्हावा, अशीही तजवीज केली, म्हणजे अंगठा कशावर उठतोय ते त्याला कुणीतरी वाचून दाखवेल.

म्हणजे अंगठा उठवला तेवढ्यानं विषय संपला असं होत नाही, हे इंग्रज सरकारनंसुद्धा दीडशे वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. "सही तुमचीच ना?" हा प्रश्न सुप्याच्या बाजारात एकदा विचारून झालेला आहे.

आणि गंमत अशी, की त्याच इंग्रजांच्या घरी पुढं हीच चाल त्यांच्याच लोकांवर खेळली गेली. माझा एक भाचा काही वर्षं इंग्लंडात लेस्टरला नोकरीला होता. तो सांगायचा, "मामा, तिथं रोज फोनवर मेसेज यायचे, तुमचे विम्याचे पैसे अडकलेत, सोडवून देतो म्हणून." तिथं या विम्याचं नाव पीपीआय. कर्जाचे हप्ते थकू नयेत म्हणून घेतलेला विमा, असा त्याचा अर्थ. दादांचं प्रकरण चालू असताना मी त्याच्याकडून सगळं समजून घेतलं.

घरकर्ज, वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, सगळ्यांना तो विमा चिकटवला जायचा. मुख्यतः 1990 ते 2010 या काळात अशा 6 कोटी 40 लाखांपर्यंत पॉलिसी विकल्या गेल्या. नोकरी गेली, आजारी पडलात, तर हप्ते विमा भरणार. पण ज्यांचा स्वतःचा धंदा आहे, जे निवृत्त झालेत, ज्यांना आधीपासून आजार आहे, अशांनाही तो विकला. त्यांना भरपाई मिळणं मुश्कील किंवा अशक्यच होतं. कित्येकांना आपण विमा घेतलाय हेच ठाऊक नव्हतं. कित्येकांना सांगितलं होतं, विमा घेतला तरच कर्ज मिळेल. म्हणजे दादांचेच भाऊबंद, फक्त साहेबाच्या देशातले.

2005 मध्ये तिथल्या नागरिक सल्ला संघटनेनं सरकारी यंत्रणेकडं मोठी तक्रार केली. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. बँका कोर्टात गेल्या आणि एप्रिल 2011 मध्ये हरल्या. मग पैसे परत करणं सुरू झालं. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात प्लेव्हिन नावाच्या एका विधवा प्राध्यापिकेच्या खटल्याचा निकाल लागला. तिनं 34,000 पौंडांचं कर्ज घेतलं होतं आणि त्यावर 5,780 पौंडांचा विमा चढवला होता. त्या 5,780 मधले शंभराला जवळजवळ 72 पौंड दलालीत गेले होते. विमा कंपनीला उरलेले 28. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, एवढी मोठी दलाली लपवली, तेव्हा हा व्यवहार न्यायाचा नाही. सही तिचीही होती. पण न्यायालयानं विचारलं, तिला काय सांगितलं होतं?

शेवटी बँकांना 38 अब्ज पौंडांच्या वर रक्कम परत द्यावी लागली. परत देण्याची साधारण पद्धतही ऐकण्यासारखी आहे. विम्याचा हप्ता परत, त्या हप्त्यावर जे व्याज घेतलं ते परत, आणि इतके दिवस माणसाचे पैसे अडकले म्हणून वर 8 टक्के सरळ व्याज. मी हे दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आसं पायजे. कोंबडी चोरली आन् वरसानं परत आनून दिली, तर मधली अंडी कुटं हायत ते बी इचारलं पायजे."

मग आम्ही रीतसर लागलो. आपल्याकडचीही वाट अवघड नाही, फक्त ती कुणी दाखवत नाही. वैयक्तिक कर्जाबरोबर विमा घेतलाच पाहिजे अशी सक्ती नसते. आयुर्विम्याची किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ठरावीक दिवसांत ती नको म्हणून परत करता येते. पूर्वी ही मुदत साधारण 15 दिवस होती, 2024 पासून 30 दिवस झाली. कंपनीनं आम्हाला कळवलं, मुदत संपली. आम्ही उलट लिहिलं, पॉलिसी पोचवल्याचा पुरावा दाखवा, मुदत कधी सुरू झाली ते मग ठरवू. पुरावा नव्हता. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर पुढं विमा लोकपालाकडं जाता येतं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. साध्या मराठीत दोन पानं लिहिली तरी चालतात.

ती दोन पानं मी लिहीत होतो, त्याच आठवड्यात एक वेगळीच गोष्ट झाली. आणि ती झाली नसती तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

संध्याकाळी दूध काढायच्या वेळेला एक मोटारसायकल दादांच्या दारात थांबली. ज्यानं फुल्या मारल्या होत्या तो पोरगा. पंचविशीचा असेल. पलीकडच्या गावातला, शेतकऱ्याचाच. त्याच्या वडलांना दादा बैलबाजारापासून ओळखत होते. पोरगा पायऱ्यांवरच बसला. म्हणाला, "काका, वरनं टार्गेट असतंय. महिन्याला एवढ्या पॉलिसी झाल्याच पाहिजेत. नाही झाल्या तर सगळ्यांसमोर उभं करून बोलतात. तुमची तक्रार वर गेली तर माझी नोकरी जाईल. घरी बहिणीचं लग्न ठरलंय."

दादा काही बोलले नाहीत. वहिनीनं चहा आणला. मी खांबाला टेकून बसलो होतो. माझ्या मनात आलं, बघा, नोकरी जायचा विमा शेतकऱ्याच्या माथी मारला आणि नोकरी जायची भीती मात्र विकणाऱ्याला!

पण मनातलं हे वाक्य मला पुरलं नाही. प्रश्न खराच होता. अकरा हजारांसाठी एका ओळखीच्या पोराची भाकरी काढून घ्यायची का? गावात याला फार मोठं वजन असतं. दुसऱ्या दिवशी भावकीतले दोघंतिघं येऊन हेच म्हणाले. "जाऊ द्या दादा. पोरगं आपल्यातलं हाय. आन् बँकेनं नडीला पैसं दिलं, हे इसरून चालायचं न्हाई."

दोन वेगळ्या गोष्टी इथं एकत्र बांधल्या होत्या. त्या सोडवायला मला रात्रभर लागलं.

पहिली गोष्ट उपकाराची. बँकेनं कर्ज दिलं हा उपकार का? शेजाऱ्यानं बाजरी उसनी दिली तर तो उपकार, कारण तो पायलीला पायलीच परत घेतो. बँक 14 टक्के घेते. घ्यावं, तो तिचा धंदा आहे आणि धंदा वाईट नाही. दादांनी एक हप्ता चुकवला नव्हता. हप्ते वेळेवर भरले, इथं त्यांची कृतज्ञता पुरी झाली. उपकाराच्या नावानं गप्प बसवणं ही फार जुनी युक्ती आहे. सावकारही तेच म्हणायचा, "तुझ्या बापाला मीच उभा केला." म्हणून त्याच्या चोपडीत डोकावायचं नाही.

दुसरी गोष्ट त्या पोराची. तो खरंच अडकला होता. पण त्याला अडकवलं कुणी? दादांच्या तक्रारीनं की वरच्या टार्गेटनं? दादा गप्प बसले असते तर पोराची नोकरी राहिली असती. पण ती राखायला त्याला पुढच्या महिन्यात आणखी दहा दादा शोधावे लागले असते. त्याच्या नोकरीची किंमत म्हातारेकोतारे भरत राहिले असते, आणि ज्यानं टार्गेट लावलं तो पुण्या-मुंबईत बसून आकडे बघत राहिला असता. दया करायची ती खालच्या माणसावर करावी. पण त्या दयेचा फायदा वरच्याला पोचत असेल, तर ती दया राहत नाही.

सकाळी दादांकडं गेलो. त्यांनी रात्रीतून आपल्या परीनं ठरवलेलं होतं. म्हणाले, "मास्तर, तक्रार घालायची. पर येक वळ वाढवा. लिवा, की ह्या पोराला काय बी करू नगा. त्याला ज्यानं हुकूम दिला त्याला इचारा." तक्रारीच्या कागदावर असं लिहायची पद्धत नसते. पण मी लिहिलं. त्या दोन पानांतलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं, आणि ते माझं नव्हतं.

लोकपालापुढं सुनावणी व्हायची वेळ आलीच नाही. त्याआधीच कंपनीनं 11,400 रुपये दादांच्या कर्जखात्यात जमा केले. अंड्यांचा हिशेब राहिला होता. कर्ज मिळाल्यापासून तोवर 14 महिने झाले होते. त्या काळात विम्याच्या रकमेवर बँकेनं घेतलेलं व्याज 1,715 रुपये होत होतं. त्यासाठी आणखी एक पत्र लिहिलं, तेही जमा झालं. वरचं 8 टक्के कुणी दिलं नाही. पोराची नोकरी राहिली. त्याची बदली झाली, ती आमच्या तक्रारीनं की नेहमीची, कुणास ठाऊक. बहिणीच्या लग्नाची पत्रिका त्यानं दादांना आणून दिली आणि दादा लग्नाला जाऊनही आले.

आता कुणी म्हणेल, मास्तर विम्याच्या विरोधात आहेत. तसं नाही. आमच्या वरच्या आळीतला एक तरुण गडी पिकअप उलटून गेला. मागं बायको, दोन लेकरं आणि बँकेचं कर्ज. बाईनं पाच महिने दोन शेळ्या आणि एक गाय विकून कर्जाचे हप्ते भरले. मग नोटीस आली तेव्हा ती माझ्याकडं आली. उतारा बघितला, तर त्यातही तशीच एक ओळ. तिच्या नवऱ्याचा विमा काढलेला होता. तिला ठाऊक नव्हतं आणि त्यालाही बहुधा ठाऊक नव्हतं. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला आणि उरलेलं कर्ज विम्यातून फिटलं. एक लाख चाळीस हजारांच्या आसपास होतं. विम्यानं तिची जमीन वाचवली. पण विकलेली गाय काही परत आली नाही.

या बाईची गोष्ट मला दादांच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. न सांगता विकलेला विमा माणसाला दोन्हीकडून बुडवतो. नको असेल तर पैसे जातात, आणि गरजेचा असेल तर आहे हेच माहीत नसल्यामुळं कुणी मागत नाही. त्यामुळं प्रश्न विमा चांगला की वाईट हा नाही. समोरच्याला माणूस समजून सांगितलं की नाही, हा आहे.

नियम आता बरेच सुधारलेत, हेही सांगायला हवं. बायांच्या गटांना जी छोटी कर्जं मिळतात, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्येच सांगितलंय, की कर्जाशिवाय दुसरी कुठलीही वस्तू घेणं हे कर्जदाराच्या मर्जीवर, आणि तिचा खर्च कर्जकार्डावर स्पष्ट लिहिलेला पाहिजे. 2024 मध्ये तर बँकांना बजावलं, की कर्जाच्या मुख्य अटींचा एक कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा, आणि विम्याचे कापलेले पैसे धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते त्यात दाखवायचं. 1879 च्या त्या गावनिबंधकाची जागा आता या कागदानं घेतलीय म्हणा. तो मागून घ्या. सही करण्याआधी मागून घ्या. पेन्सिलीच्या फुलीवर बोट ठेवून विचारा, "साहेब, इथं मी कशाला हो म्हणतोय?" असं विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

दादांचे पैसे आल्यावर गावात बातमी फिरली. त्याच बँकेचं कर्ज घेतलेल्या आणखी सात जणांनी आपापले उतारे आणून दाखवले. सातांच्याही खात्यातून तसेच पैसे गेले होते. तिघांनी तक्रार केली आणि त्यांना पैसे मिळाले. चौघांनी केली नाही. एकाला पुन्हा कर्ज लागणार होतं. एकाला वाटलं, एवढ्या तेवढ्यासाठी कुठं तोंड वाजवायचं. एक पोरांकडं मुंबईला गेला. चौथी होती वेशीजवळ राहणारी एक आजी. तिचा लेक म्हणाला, नको.

बँकेला दादांची चूक कळली, त्या तिघांची कळली. उरलेल्या चौघांचे उतारेही तिच्याच संगणकात होते. तिनं आपणहून ते उघडून बघितले नाहीत. इंग्लंडातही लोकांना पैसे मागण्यासाठी 29 ऑगस्ट 2019 ही शेवटची तारीख दिली होती. दोन वर्षं जाहिराती केल्या, सिनेमातल्या आर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक मुंडकं ओरडताना दाखवलं, की ठरवा, मागा. लाखो लोकांनी मागितले. काही जणांनी ते मागून देणाऱ्या दलालांना त्यातला मोठा वाटा दिला. पुढं त्या दलालीवरही 20 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आणि ज्यांनी मागितलंच नाही, त्यांच्यासाठी त्या तारखेला बहुतेक करून दार बंद झालं.

वेशीजवळची आजी परवा भेटली. पारावर बसली होती. म्हणाली, "मास्तर, दादाचं पैसं आलं, बरं झालं. आमी न्हाई मागितलं, म्हंजी ते पैसं त्येंचं झालं व्हय?"

मी म्हणालो, "नाही आजी. ते तुमचेच आहेत. मागितले नाहीत म्हणून ते त्यांचे होत नाहीत."

"मग मागायला कशाला पायजे? ज्याच्याकडं हायत त्यानं आनून द्यावं की."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजीचं म्हणणं सरळ आहे. घरात चुकून शेजारणीची घागर आली तर आपण ती मागायची वाट बघत नाही, उचलून तिच्या दारात ठेवतो. एवढी साधी रीत ज्या दिवशी बँकांना कळेल, त्या दिवशी असले लेख लिहायची गरज उरणार नाही. तोवर मागावं लागेल. आणि ज्याला लिहिता-वाचता येतं, त्यानं न मागणाऱ्यांच्या वतीनंही मागावं लागेल. आजीच्या लेकाला मी उद्या उतारा घेऊन बोलावलंय.